सर्बो-क्रोएशियन पेटंट-ट्रेडमार्कसाठी अनुवादक शोधताना या चुका टाळा

महाप्याच्या किंवा वागळे इस्टेटच्या कंपनीत सर्बियाची राजधानी बेलग्रेडहून एखादं ट्रेडमार्क प्रमाणपत्र येतं आणि ‘सर्बो-क्रोएशियन टू इंग्लिश’ अशी शोधाशोध सुरू होते. पहिली चूक इथेच. आता सर्बियन, क्रोएशियन, बोस्नियन आणि मॉन्टेनेग्रिन या वेगळ्या भाषा धरल्या जातात. बोलताना एकमेकांचं कळतं, पण कायद्याचे शब्द वेगळे. बौद्धिक संपदेतला ‘संपदा’ हा शब्दच सर्बियात ‘स्वोयिना’, तर क्रोएशियात ‘व्लास्निश्त्वो’. म्हणून आधी कागद कोणत्या देशाच्या कार्यालयाचा आहे ते बघा, मग अनुवादक शोधा.

लिपी सिरिलिक दिसली की काही एजन्सी काम रशियनवाल्याकडे सरकवतात. सर्बियनमधली सहा अक्षरं रशियनमध्ये नाहीतच. ओसीआरही (स्कॅनमधली अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) रशियनवर लावलं तर नावांची वाट लागते.

खरा घोळ शब्दांत होतो. ‘झिग’ म्हणजे शिक्काही आणि ट्रेडमार्कही. ‘झाह्तेव’ म्हणजे एरवी विनंती किंवा मागणी, पेटंटमध्ये मात्र क्लेम, म्हणजे शोधाच्या नेमक्या कोणत्या भागावर हक्क सांगितला ते. ‘रेशेन्ये’ कार्यालयाच्या पत्रात निर्णय, तर पेटंटच्या वर्णनात तांत्रिक उपाय. महिन्यांचं तर विचारूच नका: ‘लिस्तोपाद’ क्रोएशियनमध्ये ऑक्टोबर, पोलिश आणि चेकमध्ये नोव्हेंबर. औद्योगिक संपदेच्या पॅरिस करारानुसार प्राधान्याची मुदत (एका देशात अर्ज केल्यावर तीच तारीख धरून दुसऱ्या देशात अर्ज करायला मिळणारा वेळ) ट्रेडमार्क आणि डिझाइनला ६ महिने, पेटंटला १२. अनुवादात पहिल्या अर्जाची तारीख महिनाभर पुढे सरकली, तर मुदत उलटून गेल्यावरच कळेल.

त्यामुळे निवड करताना बायोडेटावर जाऊ नका. एक क्लेम आणि कार्यालयाच्या पत्रातला एक परिच्छेद, मिळून २०० शब्द, पैसे देऊन करून घ्या आणि वरचे शब्द तपासा. न्यायालयाने नेमलेल्या अनुवादकाचा गोल शिक्का भाषेची हमी देतो, रसायनशास्त्राची नाही. तो शिक्का लागणार आहे का, हे आधी तुमच्या ट्रेडमार्क एजंटला विचारा. नाहीतर त्याचे पैसे फुकट.

अजून फाइल न केलेला शोध फुकटच्या ऑनलाइन अनुवादयंत्रात टाकू नका. माणसाकडूनही आधी गोपनीयतेचा करार सही करून घ्या.

दर विचारताना ‘पान’ म्हणजे किती, तेही विचारा. सर्बियात रिकाम्या जागांसह १८०० अक्षरांचं पान धरतात, क्रोएशियात १५०० चं. ९०,००० अक्षरांचा मजकूर एकाकडे ५० पानं, दुसऱ्याकडे ६०. पानाचा दर सारखा दिसला, तरी क्रोएशियाची राजधानी झाग्रेबचं बिल २० टक्क्यांनी जास्त येतं.