आज दुर्बीण कशावर लावायची? आधी आकाश जोखा

‘आज आकाश मोकळं आहे’ एवढ्यावर दुर्बीण गच्चीवर चढवू नका. आकाशाचे दोन गुण वेगवेगळे तपासावे लागतात. एक पारदर्शकता, म्हणजे अंधुक गोष्टी कितपत दिसतील. दुसरा स्थिरता, ज्याला आम्ही सगळे सरळ ‘सीइंग’ म्हणतो, म्हणजे प्रतिमा किती थरथरते. दोन्ही एकाच रात्री क्वचितच जुळून येतात. आमच्या साताऱ्यात डिसेंबरमध्ये वारा पडतो, गावावर धुराचा थर साचतो आणि देवयानी दीर्घिका शोधूनही सापडत नाही. पण तशाच रात्री गुरूचे पट्टे सुरेख रेखीव दिसतात. ‘धुरकट आहे’ म्हणून अशी रात्र कोणी सोडून दिली की मला खरंच वाईट वाटतं.

तपासणी दुपारीच सुरू करा. सूर्य इमारतीआड पूर्ण झाकला जाईल असे उभे राहा (सूर्याकडे थेट मुळीच बघायचं नाही) आणि इमारतीच्या कडेलगतचं आकाश बघा. निळा रंग कडेपर्यंत टिकला तर हवा स्वच्छ. पांढुरकी प्रभा पसरली असेल तर धूळ किंवा बाष्प आहे, रात्री तेजोमेघांचा (आकाशातल्या वायू-धुळीच्या अंधुक ढगांचा) नाद सोडा. अवकाळी पाऊस पडून गेला की दुसऱ्या दिवशी हा निळा सर्वांत गडद मिळतो.

हवामान खात्याच्या इन्सॅट उपग्रहाचं इन्फ्रारेड (उष्णता टिपणारं) चित्र बघाच, पण त्यावर विसंबू नका. उंचावरचे ढग थंड असल्याने पांढरे उठून दिसतात. खालचे ढग जमिनीइतकेच उबदार असले तर त्यात लपून जातात.

चंद्रासाठी कॅलेंडर पुरतं. संकष्टीच्या चंद्रोदयाची वेळ छापलेलीच असते, तिथून पुढे चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो.

अंधार पडल्यावर मोबाइल खिशात ठेवून २० ते ३० मिनिटं डोळे सरावू द्या. मग हिवाळ्यात कृत्तिका या छोट्या तारकागुच्छातले तारे मोजा. आपल्याकडे त्या जवळजवळ डोक्यावरून जातात, त्यामुळे क्षितिजाजवळचा धूर आड येत नाही. चारच मोजता आल्या तर पारदर्शकता बेताची, सहा नीट सुट्या दिसल्या तर चांगली. त्याहून जास्त दिसल्या किंवा पुष्य नक्षत्रातला तारकागुच्छ नुसत्या डोळ्यांनी धुरकट ठिपक्यासारखा जाणवला, तर झोपेचा विचार करू नका. उन्हाळ्यात हेच काम सप्तर्षीतल्या वसिष्ठाजवळची अरुंधती करते, तिची प्रत (तेजाचा आकडा, जितका मोठा तितका तारा अंधुक) ४ आहे. शिवाय मी अजिंक्यतारा किल्ल्यावरच्या टॉवरचा तांबडा दिवा बघते. त्याभोवती वलय असेल तर हवेत ओल आहे आणि भिंगांवर दव येणार.

आता सीइंग. डोक्यावरचे तारेही लुकलुकत असतील तर वरची हवा अस्वस्थ आहे. खात्री करायला माझ्या सहा इंची डॉब्सोनियनमधून (साध्या फिरत्या बैठकीवरच्या आरशाच्या दुर्बिणीतून) मी १०० पट वर्धनाला पुनर्वसूतला कॅस्टर हा जोडतारा लावते. त्याचे दोन तारे स्वच्छ सुटे दिसले तर रात्र ग्रहांची. एकमेकांत मिसळून उकळत असतील तर फोकस मुद्दाम थोडा बिघडवा आणि ताऱ्याची जी फुगलेली तबकडी दिसेल तिच्यात काय चाललंय ते बघा. संथ वळसे घेत हवा वर चढताना दिसली तर दुर्बिणीची नळी अजून गरम आहे. पाऊण तास उघड्यावर निवू द्या. भराभर एकाच दिशेने रेघा धावत असतील तर तो उंचावरचा वारा. त्याला इलाज नाही, वर्धन कमी करा.

गच्चीचा स्लॅब दिवसभर तापलेला असतो, मार्च-एप्रिलमध्ये तर मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडतो. अंगणात माती किंवा गवत असेल तर तिथेच दुर्बीण मांडा. शेजारच्या पत्र्यावरून ग्रह बघणं टाळा. आणि क्षितिजापासून तीन मुठी, म्हणजे हात ताणून धरल्यावर साधारण ३० अंश, वर आलेलंच लक्ष्य निवडा. त्या उंचीवरसुद्धा प्रकाशाला डोक्यावरच्या दुप्पट हवेतून यावं लागतं.

पारदर्शक पण थरथरती रात्र असेल तर कमी वर्धनाने मृगातला तेजोमेघ, देवयानी, गुच्छ बघा. धुरकट पण शांत असेल तर ग्रह, चंद्र, जोडतारे. निरीक्षणाच्या वहीत तारखेपुढे एवढंच लिहा: कृत्तिका सहा, कॅस्टर सुटा, दिव्याला वलय नाही, सीइंग २ (सीइंग मोजायच्या अँटोनियादी श्रेणीत १ सर्वोत्तम, ५ सर्वांत वाईट).