आधी नाक मोजा, मग लोगो काढा : घरच्या चष्म्याच्या धंद्यात उतरणाऱ्यांसाठी

आधीच सांगतो, मी काही डिझाईन शिकलेला माणूस नाही. लातुरात गंजगोलाईपासून जवळच आमचं चष्म्याचं दुकान, आजोबांनी टाकलेलं, आप्पांनी चालवलेलं, आणि आता चार वर्षं झाली मी पण बसतो. आजोबा फ्रेम हातानं बनवायचे. शीटवर पुठ्ठ्याचा नमुना ठेवून आखायचं, बारीक करवतीनं कापायचं, कानशीनं घासायचं, बिजागरी बसवायची. पुढं तयार फ्रेमी बाहेरून स्वस्तात यायला लागल्या आणि करवत माळ्यावर गेली. मला ती खाली आणायची होती. बरेच जण विचारतात कसं सुरू केलं, म्हणून हे लिहितोय.

सुरू केलं ते चुकीच्या टोकाकडून. आधी लोगो, मग डबी, मग इन्स्टाचं पेज, आणि फ्रेम सगळ्यात शेवटी. नेटवर बघून तीन मॉडेल काढले, एका कारखान्याकडून दीडशे पीस करून घेतले, दिसायला एक नंबर! पहिल्या पंधरा दिवसांत वीसेक गिऱ्हाईक परत आले, सगळ्यांचं एकच, घसरतोय. आप्पांनी एक फ्रेम हातात घेतली, उलटी केली आणि एवढंच विचारलं, "नाकं मोजली होतीस का?"

आता हे नवीन लोकांनी नीट समजून घ्या. काडीच्या आतल्या बाजूला ५२-१८-१४० असं काहीतरी छापलेलं असतं ना, त्यातलं ५२ म्हणजे एका काचेची रुंदी, १८ म्हणजे दोन काचांमधलं नाकावरचं अंतर, १४० म्हणजे काडीची लांबी, सगळं मिलिमीटरमध्ये. धातूच्या फ्रेमला नोजपॅड, म्हणजे नाकावर टेकणारी बोंडं, तारेवर असतात, ते चिमट्यानं आत-बाहेर करता येतात. ॲसिटेटच्या, म्हणजे प्लास्टिकसारख्या दिसणाऱ्या शीटमधून कापलेल्या फ्रेमला पॅड त्याच तुकड्यातून कोरलेले असतात, तिथं चुकलं की चुकलंच. माझं अंतर २१ होतं आणि पॅड नुसते नावाला. त्यात आपला मे महिना, बेचाळीस डिग्रीत नाकावर घाम, काय टिकणार?

त्या दीडशेतल्या शंभरेक फ्रेमी आम्ही वाचवल्या कशा ते सांगतो. जुन्या शीटच्या कात्रणातून हरभऱ्याच्या डाळीएवढे तुकडे कापले, ॲसिटोनचा थेंब लावला की ॲसिटेट वरून विरघळतं आणि तुकडा तिथंच चिकटून एकजीव होतो, मग रात्रभर वाळवून कानशीनं आकार द्यायचा, शेवटी पॉलिश. एका फ्रेमला पाऊण तास, दोन महिने माझ्या बोटांना तोच वास. पण डिझाईन मी शिकलो असेन तर त्या दोन महिन्यांत.

तेव्हाच आप्पांनी आजोबांची वही काढून दिली. पानापानावर आडनाव, गाव, नाकाची रुंदी, कानापर्यंतची लांबी, आणि पुढं शेरे, "गालाला लागते", "डावा कान वर". मी ती हसण्यावारी नेली होती, खोटं कशाला बोलू. आता मी पण तशीच वही ठेवतो, फक्त मोबाईलमध्ये.

आमचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे क्लासची पोरं. नीट-जेईईसाठी लातूरला येतात, सोबत आई नाहीतर मामा, आणि नंबर मायनस चार, मायनस पाच. मायनस काच कडेला जाड होते, त्यामुळं फ्रेम जेवढी मोठी तेवढी कड जाड दिसणार. पोरांना हवी असते मोठी चौकोनी, म्हणून आम्ही ४८ च्या काचेतच चौकोनी वाटेल असा आकार काढला, वरची कड जरा सरळ आणि जाड ठेवून. सगळ्यात जास्त तोच खपतो.

मालाबद्दल थोडं. ॲसिटेट म्हणजे नुसतं प्लास्टिक समजू नका, सरकीवर जी बारीक लव राहते ती आणि लाकडाचा लगदा यांच्यातल्या सेल्युलोजपासून ते बनतं. कापसाच्या मुलखातले आपण आणि भारीतली शीट येते इटलीहून, तिथली माझुकेल्ली कंपनी तर १८४९ पासूनची. कापलेल्या फ्रेमी लाकडाच्या तुकड्यांसोबत पिंपात दोन-तीन दिवस फिरवतात तेव्हा चकाकी येते, हे काम आम्ही बाहेरूनच करून घेतो, मशीन घेऊन ठेवण्याइतका माल नाही आमचा.

काच घासायला पाणी लागतं हेही कुणी सांगत नाही. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं त्या उन्हाळ्यात आप्पा घासणीचं पाणी रात्रभर बादलीत निवळत ठेवायचे, सकाळी फडक्यातून गाळून परत मशीनला. ती सवय अजून आहे.

पैशाचं म्हणाल तर नवीन मॉडेल एका वेळी एकच काढा, दोन रंगांत. आणि घरचं दुकान असेल तर आधी सहा महिने रिपेरिंगच्या टेबलावर बसा. कुठली बिजागरी ढिली पडते, कुठली काडी कशी तुटते, सगळं तिथं कळतं. ऑप्टोमेट्रीची, म्हणजे डोळे तपासून नंबर काढायच्या शिक्षणाची डिग्री जमत असेल तर जरूर करा, मी नाही केली आणि डोळे तपासायला माणूस ठेवावा लागतो, तो पगार दर महिन्याला आठवण करून देतो.

परवा एक पोरगं आलं, आमचीच फ्रेम, काडी पार वाकडी. अभ्यास करता करता पुस्तकावरच झोपतं म्हणे. आप्पांनी काडी गरम मिठात धरली, अंगठ्यानं हळूच सरळ केली, त्याच्या कानामागं बोट घालून बघितलं आणि म्हणले, "झोपताना काढून ठेवत जा की रे." पैसे घेतले नाहीत. मी गपचूप वहीत लिहून घेतलं, काडी १३५ चालेल.