टेक्स्ट एक्सपांडर लावलाय? मग या चुका टाळा

टेक्स्ट एक्सपांडर म्हणजे छोटा शॉर्टकट टाइप केला की ठरवून ठेवलेला पूर्ण मजकूर आपोआप टाकणारं सॉफ्टवेअर. ऑफिसात नवीन पोरगं आलं की पहिल्याच दिवशी कुठूनतरी दोनशे शॉर्टकटची तयार यादी उचलून आणतं, आठवड्याने त्यातले चार आठवतात, आणि मग माझ्याकडे येतं, "सर, हे चालतच नाही." अरे बाबा, एकच मजकूर आठवड्यात पाचदा टाइप करायला लागला की मग त्याचा शॉर्टकट कर ना.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे रोजच्या वापरातला शब्दच ट्रिगर (म्हणजे शॉर्टकटची अक्षरं) ठेवणं. मी केलीय. आमचं काम टॅक्सचं, म्हणून एस्पान्सो नावाच्या टेक्स्ट एक्सपांडरमध्ये पी-ए-एन टाइप केलं की ऑफिसचा दहा अक्षरी पॅन नंबर यावा असं ठेवलं. आता व्हॉट्सॲप वेबवर आपण मराठी बडवतो ती रोमन लिपीत. सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं "येतो पण उशीर होईल" आणि एंटर मारून मोकळा. बघतो तर येतो, मग पॅन नंबर, मग उशीर होईल. घाईघाईत खाली लिहिलं "सॉरी, पण चुकून गेलं", तर परत तोच नंबर! एस्पान्सो शब्द संपायची वाटच बघत नाही, अक्षरं जुळली की ओतलंच, त्यामुळे पनवेल लिहिलं तरी पॅन नंबर आणि पुढे नुसतं 'वेल'. 'वर्ड: ट्रू' (पूर्ण शब्द जुळला तरच ओत) हे सेटिंग लावलं तर पनवेल वाचतं, पण 'पण' काही वाचत नाही.

तेव्हापासून माझा प्रत्येक ट्रिगर सेमीकोलनने सुरू होतो, पॅनचा आता ';pan', कारण सेमीकोलनला चिकटून कोणी अक्षर लिहीत नाही.

आता इनस्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डवर टाइप करणारे म्हणतील, आमच्याकडे तरी चालत नाही. बरोबर आहे, तिथे सेमीकोलनच्या कीवर 'च' आहे, म्हणजे तुम्ही तेच बडवलं की उमटतं 'चजोल'. मी सरळ 'चजोल' हाच दुसरा ट्रिगर लावलाय, हसू द्या लोकांना.

बाकीचं थोडक्यात. पासवर्ड यात ठेवू नका, शॉर्टकट साठवतात ती साधी टेक्स्ट फाइल असते, कोणीही उघडून वाचेल. त्या फाइलमध्ये टॅब दाबू नका, स्पेसच द्या, नाहीतर एरर येते आणि पोरं परत माझ्या टेबलाशी. पत्रात तारीख हाताने लिहून ठेवू नका, आपोआप आजची तारीख टाकणारं डेट व्हेरिएबल आहे त्यासाठी. मागच्या वर्षीच्या तारखेची पत्रं मी परत घेतलीयत. आणि फोनवरच्या जीबोर्ड या कीबोर्डवर शॉर्टकट इंग्लिशच्या डिक्शनरीत टाकून मराठी कीबोर्डवर शोधत बसू नका, सगळ्या भाषांसाठीच्या यादीत टाका.