नेटवर्कवरून आलेल्या पूर्णांकाचा बाइटक्रम कसा सांभाळावा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवरील वजनकाटा नेटवर्कवरून संगणकाला वजन पाठवतो, असे समजा. पोते ५० किलोचे, म्हणजे ५०,००० ग्रॅमचे आहे आणि हे वजन ०० ०० सी३ ५० अशा चार हेक्स (सोळाच्या पायावर लिहिलेल्या) बाइटांत येते. मोठ्या स्थानाचा बाइट आधी, हा इंटरनेट प्रोटोकॉलांचा ठरलेला क्रम आहे. इंटेल आणि एएमडीचे नेहमीचे प्रोसेसर मात्र लहान स्थानाचा बाइट आधी ठेवतात. त्यामुळे हेच बाइट जसेच्या तसे वाचले, तर आकडा १,३५,४९,५६,८०० होतो आणि एकच पोते साडेतेराशे टनांच्या वर जाते. आपण २५ लिहिताना दोन आधी लिहितो, पण ‘पंचवीस’ म्हणताना पाच आधी उच्चारतो, तसाच हा प्रकार आहे.

सी भाषेत आलेले चार बाइट प्रथम मेमकॉपीने (बाइट जसेच्या तसे उतरवून घेणाऱ्या फंक्शनने) ३२ बिटांच्या चिन्हविरहित (ऋण संख्या नसलेल्या) चलात घ्यावेत आणि मग त्यावर एनटीओएचएल हे नेटवर्कचा क्रम यंत्राच्या क्रमात बदलणारे फंक्शन चालवावे. बफरच्या (आलेले बाइट साठवलेल्या जागेच्या) पॉइंटरलाच, म्हणजे पत्त्यालाच, पूर्णांकाचा पॉइंटर ठरवून वाचण्याचा मोह टाळावा, कारण पत्ता चारच्या पटीत नसेल तर काही प्रोसेसरांवर प्रोग्राम तिथेच कोसळतो. पाठवताना एचटीओएनएल वापरावे. नावातील एन म्हणजे नेटवर्क, एच म्हणजे होस्ट, अर्थात आपले यंत्र. शेवटी एल असेल तर ३२ बिट, एस असेल तर १६. पायथनमध्ये स्ट्रक्ट मॉड्यूलच्या फॉरमॅटच्या आरंभी उद्गारचिन्ह दिले की हेच काम होते.

पोर्ट क्रमांक, म्हणजे यंत्रावरील कोणत्या प्रोग्रामला डेटा द्यायचा ते सांगणारा १६ बिटांचा आकडा, हमखास विसरला जातो: ८०८० वर एचटीओएनएस न चालवल्यास सर्व्हर ३६८९५ या पोर्टवर ऐकत बसतो आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. यंत्राचा क्रम तपासून मगच बदल करण्याचीही गरज नाही, कारण ज्या यंत्राचा क्रम नेटवर्कसारखाच असतो तिथे ही फंक्शने संख्येला हात लावत नाहीत. एकेरी बाइट आणि यूटीएफ-८ (अक्षरे बाइटांत लिहिण्याची एक पद्धत) मजकूर यांनाही बदल लागत नाही.

बदल कोडच्या वेशीवरच, एकदाच करावा, असे माझे मत आहे. आत पुन्हा कोणी केला तर संख्या परत उलटते. चाचणीही ठरलेल्या बाइटांवरच घ्यावी, कारण दोन्ही टोकांनी बदल करणे विसरले असेल, तर एकाच लॅपटॉपवर सारे बरोबरच दिसते.