जमीन बघायला येताय? आधी वर्षभर भाड्याने राहा

‘तिकडे आरला काय भाव चाललाय?’ बालीत जागा बघायला निघालेला मराठी माणूस मला पहिला प्रश्न हाच विचारतो. सातबाऱ्यावरचा आर आणि इथला आर एकच, शंभर चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ आपला गुंठा. मोजमाप ओळखीचं निघालं की माणसाला वाटतं, बाकीचंही ओळखीचंच असणार. मलाही वाटलं होतं.

मी तबानान जिल्ह्यात राहतो, पुपुआनच्या वाटेवर, बेलिंबिंगच्या अलीकडच्या एका गावात. यंदा अकरावं वर्ष. देनपासारहून गिलिमानुकच्या रस्त्याने ट्रकांमागे रखडत अंतोसारीपर्यंत यायचं आणि तिथून उजवीकडे घाट चढायचा. खाली भातखाचरं, वर गेलं की रोबुस्टा कॉफी, लवंग आणि दुरियन. कॉफीच्या हंगामात लोक रस्त्याच्या कडेला ताडपत्रीवर बिया वाळत घालतात. त्यावरून गाडी घातलीत तर गावात तुमची ओळख त्या दिवशीच पक्की होईल.

कायद्याचं आधी उरकून घेऊ. पूर्ण मालकी, म्हणजे ‘हाक मिलिक’, फक्त इंडोनेशियाच्या नागरिकाला मिळते. 1960 च्या जमीन कायद्याचं कलम 21 तसं स्पष्ट सांगतं. दलाल म्हणेल, ‘इथल्या माणसाच्या नावावर घेऊ, आपसात कागद करू, सगळे करतात.’ करतात खरे. पण कलम 26 प्रमाणे असा व्यवहार मुळातच रद्द ठरतो आणि जमीन सरकारजमा होते. दिलेले पैसे परत मागायलाही जागा उरत नाही. इथल्या मुलीशी किंवा मुलाशी लग्न करून येणाऱ्यांनी संपत्ती वेगळी ठेवण्याचा करार नोटरीकडे जरूर करावा, नाहीतर जोडीदाराच्या हाक मिलिकलाच अडचण येते. 2016 च्या घटना न्यायालयाच्या निकालानंतर हा करार लग्नानंतरही करता येतो.

राहिले दोन सरळ मार्ग. राहण्याचा परवाना असेल तर ‘हाक पाकाई’, म्हणजे वापराचा हक्क. 2021 च्या नियमांनुसार तो आधी 30 वर्षं, मग 20 ची वाढ, मग 30 चं नूतनीकरण असा मिळतो. नाहीतर ‘सेवा’. दचकू नका, इथे सेवा म्हणजे भाडेपट्टा. कंपनी काढून जमीन घेण्याचा तिसरा मार्गही आहे, पण त्याला 10 अब्ज रुपियांहून जास्त गुंतवणूक दाखवावी लागते. चार आरांत वांगी लावणाऱ्याला तो नको.

मी सेवाच केली. आठ आर, पंचवीस वर्षं, आणि इथल्या रिवाजाप्रमाणे सगळं भाडं एकरकमी आधी. नोटरीपुढे दोघा भावांनी सह्या केल्या. सर्टिफिकेट जमीन कार्यालयात तपासून घेतलं, स्वच्छ निघालं. मी खूश. पाच महिन्यांनी देवळाच्या उत्सवाला तिसरा भाऊ सुलावेसीहून घरी आला. त्याने माझ्या पडवीत बसून शांतपणे कॉफी घेतली आणि सांगितलं, की मोटारसायकल आत आणायची तुमची पायवाट माझ्या वाटणीत येते. येतच होती. बांजारच्या, म्हणजे इथल्या वाडीच्या पंचायतीच्या, मंडपात बैठका होत होत प्रकरण मिटायला सात महिने गेले आणि वाटेचं भाडं वेगळं भरावं लागलं. कुणी आवाज चढवला नाही, हे मात्र खरं. तेव्हा सगळ्या वारसांच्या सह्या घ्या, परमुलखात गेलेल्यांच्या तर आधी घ्या, आणि वाट नकाशात काढून घ्या. जागा देवळाची किंवा गावकीची तर नाही ना, हेही गावातच विचारा. ‘लाबा पुरा’ म्हणजे आपल्याकडच्या देवस्थान इनामासारखा प्रकार. आवारात घराण्याचं छोटं देऊळ असेल तर ते आहे तिथेच राहणार आणि पूजेला माणसं येत राहणार, हे धरूनच चाला.

मग पाणी. इथलं पाणी सुबाकचं असतं, म्हणजे एका पाटावरच्या शेतकऱ्यांच्या मंडळाचं. 2012 साली युनेस्कोने याच सुबाक व्यवस्थेला जागतिक वारशात घेतलं. आमच्याच जिल्ह्यातलं जातिलुविह त्यात आहे, तिथे पर्यटकांची रीघ असते. आमच्याकडे कुणी येत नाही, पण पद्धत तीच. पाटात आडव्या टाकलेल्या ओंडक्याला खाचा असतात, त्याला तेंबुकु म्हणतात. ज्याची जेवढी खाच, तेवढं त्याचं पाणी. पहिल्या वर्षी मी माशांच्या टाकीसाठी पाटात एक इंची पाइप टाकला. दुसऱ्या सकाळी पेकासेह, म्हणजे सुबाकचे प्रमुख, आले. पाइपकडे बघितलंही नाही. पाऊस, माझी आई, भारतातला तांदूळ असं सगळं बोलून झालं आणि उठता उठता म्हणाले, ‘पाक (म्हणजे साहेब), खालच्या चार खाचरांत अजून चिखलणी व्हायचीय.’ पाइप मी त्यांच्यादेखतच काढला.

भाषा जमेल, धीर धरा. बुमी, बाहासा, नामा, गुरू हे शब्द आपलेच. सरपंच म्हणजे ‘केपाला देसा’, त्यातला केपाला म्हणजे आपलं कपाळ. शेतातलं भात पादी, मळलेलं गाबाह, तांदूळ बेरास, शिजला की नासी. कोकणात पिकालाही भात आणि ताटातल्यालाही भात म्हणणाऱ्यांनी हे चार शब्द आधी घोकावेत. माझ्या वयाच्या बाईला ‘म्बोक’, पुरुषाला ‘ब्ली’. मोठ्यांना पाक आणि बू.

गावात शिरताना एक पाटी दिसेल, ‘तामु वाजिब लापोर’. पाहुण्याने चोवीस तासांत नोंद करायची. यात वाजिब म्हणजे बंधनकारक, वाजवी नव्हे. बांजारची वर्गणी वेळेवर द्या. पण वर्गणीपेक्षा हजेरी मोठी. कुणाकडे मयत झालं की कामेन गुंडाळून, कमरेला सेलेंदांग बांधून जायचं आणि तास-दोन तास नुसतं बसायचं. सुतक इथेही पाळतात, त्या काळात देवळाची पायरी चढू नका.

इथलं शकवर्ष आपल्याशी जुळतं. 2023 ला पाडवा आणि इथला न्येपी, म्हणजे नववर्षाचा मौनदिन, एकाच दिवशी, 22 मार्चला आले. आपण गुढी उभारतो, हे दिवा लावत नाहीत, घराबाहेर पडत नाहीत, विमानतळही बंद असतो. 2018 पासून मोबाइलचं इंटरनेटही बंद ठेवतात. मी खिडक्यांना चादरी लावून आत अंधारातच श्रीखंड खाल्लं. दही आदल्या दिवशी टांगलं होतं.

शाकाहारी असाल तर ‘तान्पा दागिंग’ म्हणून भागत नाही. मांस नसलं तरी सांबालमध्ये, म्हणजे मिरचीच्या चटणीत, तेरासी असते, म्हणजे कोळंबीचं वाटण. ते वेगळं विचारावं लागतं. तूरडाळ गावात मिळत नाही, मूग भरपूर. आमसुलाची उणीव बिलिंबी भरून काढते, आमटीला झकास. विजेचं मीटर रिचार्जचं आहे, युनिट संपत आले की रात्री दोनला पिकपिक करतं. आणि तीन किलोचा हिरवा गॅस सिलिंडर घेऊ नका, तो गरिबांसाठी अनुदानाचा आहे. दुकानदार नाही म्हणणार नाही, पण शेजारी बघतात.

घर बघायला जानेवारीत या. कुठलं छत गळतं, कुठली वाट वाहून जाते, ते तेव्हाच कळतं. येताना हिंग आणा. दोन डब्या, एक माझ्यासाठी.