बांबूच्या जुन्या फ्लाय रॉडची किंमत ठरवताना या चुका टाळा

अमेरिकेतल्या मराठी मित्रांचे उन्हाळ्यात हमखास फोटो येतात: गराज सेलमध्ये (घरच्या जुन्या सामानाच्या विक्रीत) बांबूची जुनी फ्लाय रॉड, म्हणजे मासे पकडायची लवचिक काठी, दिसली, घेऊ का? फोटोत मुठीजवळचं नाव ठळक असतं, टोक मात्र चौकटीबाहेर. मला आधी टोक बघायचं असतं.

पहिली आणि सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे टेपने लांबी न मोजणं. तीन तुकड्यांच्या बहुतेक रॉडचे सगळे तुकडे सारख्याच लांबीचे असतात आणि चांगल्या रॉडबरोबर टोकाचे दोन तुकडे मिळतात. टोक मोडलं की लोक उरलेल्या भागावर शेवटची कडी (जिच्यातून दोरी जाते ती) परत चिकटवतात, आणि ते काम सफाईदार असेल तर नजरेला काहीच कळत नाही. माझ्या पहिल्या रॉडचं तसंच झालं. घरी येऊन दोन्ही टोकं टेबलावर शेजारी ठेवली तेव्हा एक चांगलं तीन इंच आखूड निघालं. एवढी लांबी गेली की रॉडची लवच बदलते, आणि संग्राहक किंमत जवळपास निम्म्यावर आणतो. म्हणून प्रत्येक तुकडा वेगळा मोजा आणि मधल्या तुकड्याशी ताडून बघा.

जुनी म्हणजे मौल्यवान, हा दुसरा गैरसमज. माँटेग्यू, हॉरॉक्स-इबॉटसन, साउथ बेंड या कंपन्यांनी कारखान्यात ढिगाने रॉड बनवल्या. त्यातली नऊ फुटी साधी रॉड बहुधा शे-दोनशे डॉलरच्या आतच जाते. लाकडी पेटीतले जपानी रॉडचे संच दिसायला देखणे, पण दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांनी आठवण म्हणून घरी आणलेले. त्यांना फारसा भाव नाही. उलट एव्हरेट गॅरिसन या कारागिराने आयुष्यभरात सातशेच्या आसपासच रॉड केल्या. लेनर्ड आणि पेन या नामवंत रॉडकारांच्या चांगल्या रॉडही हजारो डॉलरला जातात, त्यातही सात-आठ फुटी आखूड रॉडला मागणी जास्त.

पण नाव बहुधा मुठीजवळच्या धातूच्या टोपणावर कोरलेलं असतं आणि टोपण बदलता येतं. म्हणून तुकडे जोडणारी धातूची नळी, म्हणजे फेरुल, नीट बघा. उत्तम कारागीर जर्मन सिल्व्हर (चांदीसारखा दिसणारा मिश्रधातू) वापरत. घासलेल्या जागी पिवळं पितळ डोकावत असेल तर वरचं भारी नाव शंकास्पद समजा.

बांबूवरचे करपट डाग बघून घाबरू नका. दक्षिण चीनमधला टोंकिन बांबू रूढ होण्याआधी रॉडसाठी कळक आपल्याकडूनच जायचा, ‘कलकत्ता केन’ या नावाने, आणि त्यावर भाजल्याचे डाग असायचे. (माझ्या हातात अशी रॉड येते तेव्हा मन भरून येतं.) डेट्रॉइटचा रॉड बनवणारा पॉल यंग तर मुद्दाम आचेवर बांबू तपकिरी करायचा. डाग जावेत म्हणून पॉलिश पेपर मारलात तर मूळ वॉर्निश आणि बांबूचा सगळ्यात चिवट वरचा थर दोन्ही जातील. ओलसर मऊ फडकं फिरवा, लगेच कोरडं करा. बुचाची मूठ मळलेली असली तरी तशीच राहू द्या.

रॉड सहसा बांबूच्या सहा कामट्या सरसाने चिकटवून केलेली असते. हा सरस सुटलाय का, हे उजेडात तुकडा बोटांत फिरवून बघा. कडेला बारीक काळी फट दिसली किंवा हलकंसं वाकवताना टक् असा आवाज आला, तर तिथेच थांबा. जुना सरस जोराच्या झटक्याने उरलासुरलाही सुटतो.

फेरुल अडकला तर पिळू नका. दोघांनी समोरासमोर उभं राहून प्रत्येकाने जोडाच्या दोन्ही बाजूंना एकेक हात ठेवावा आणि सरळ रेषेत ओढावं. तरी निघाला नाही तर दुरुस्ती करणाऱ्याकडे न्या.

भाव बघताना विक्रेत्याने मागितलेला आकडा धरू नका, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या रॉडचा धरा. रॉडची मूळ कापडी पिशवी आणि ती ठेवायची लेबल असलेली नळी टाकून देऊ नका, त्यांचेही पैसे होतात. आणि मला फोटो पाठवाल तेव्हा सगळे तुकडे शेजारी शेजारी ठेवा, वर टेप उलगडलेली असू द्या.