टाळू फाटलेल्या बाळाशी बोलायचं कसं

बाळाची टाळू (तोंडाच्या आतलं वरचं छत) फाटलेली असली की प, ब, त, द असले आवाज ऑपरेशनआधी नीट येत नाहीत, कारण तोंडात दाबून धरायची हवा नाकातून निसटते, यात बाळाचा आळस वगैरे काही नाही. म्हणून तोवर म, न, ल आणि आ-ऊ वर भर द्या. मांडीवर समोरासमोर घ्या, "माऊ आली, माऊ" म्हणा आणि गप्प बसा, त्याला वेळ द्या, तो "मा" म्हणाला की लगेच "मामा!" म्हणून परत करा. घशातून गुरगुरल्यासारखा किंवा झटका दिल्यासारखा आवाज काढला तर कौतुकाने त्याची नक्कल करू नका (आजी लोक हमखास करतात!), ती सवय नंतर मोडायला स्पीच थेरपीत फार वेळ जातो.

फक्त ओठ फाटला असेल तर बोलण्याला सहसा एवढा त्रास नसतो.

कान मात्र विसरू नका. टाळू फाटलेल्या बाळांच्या कानात पडद्यामागे बरेचदा पाणी साचतं, ऐकू कमी येतं, मग बोलणार काय? गोव्यात बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेज) ईएनटीला, म्हणजे कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना, दाखवून ऐकण्याची टेस्ट करून घ्या.

टाळूचं ऑपरेशन साधारण 9 ते 18 महिन्यांत होतं, डॉक्टर हो म्हणाले की "पापा", "बाबा" सुरू. आणि घरात मराठी-कोंकणी दोन्ही चालतं, बिनधास्त बोला.